लँग्स्टन ह्यूज : लोकांच्या बोलीत लिहिणारा कृष्णवर्णीय कवी-नाटककार

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी या साहित्याची ओळख आपल्या लेखकांना करून दिली. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. पण या साहित्याचा पाया घालणाऱ्या लँग्स्टन ह्यूज यांचे नाव आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. जळगाव-धुळ्याच्या तरुण कार्यकर्त्यांसाठी ही ओळख आम्ही मुद्दाम देत आहोत.

ह्यूज यांचा जन्म १९०१ साली मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे झाला. आई-वडील विभक्त झाल्याने बालपण आजीजवळ गेले. आजीचा पहिला पती १८५९ च्या हार्पर्स फेरी येथील गुलामगिरीविरोधी उठावात मारला गेला होता. लढ्याच्या गोष्टी ऐकतच हा मुलगा मोठा झाला.

१९२१ साली त्यांची पहिली गाजलेली कविता ‘द क्रायसिस’ या मासिकात आली. मासिकाचे संपादक होते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस. याच द्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. द्यू बॉइस यांच्या उत्तरावर तारीख आहे ३१ जुलै. धुळेकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यात आले होते आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी आपले लोक लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतात.

दुसरा धागा कोलंबिया विद्यापीठाचा. बाबासाहेब तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले. ह्यूज १९२१ मध्ये तेथे दाखल झाले, पण वर्णभेदाचा अनुभव घेऊन वर्षभरातच बाहेर पडले. पुढे त्यांनी जहाजावर खलाशाचे काम केले, हॉटेलात उष्टी भांडी उचलली. १९२६ साली ‘द वेअरी ब्लूज’ हा पहिला काव्यसंग्रह निघाला. त्यांनी कवितेसाठी ब्लूज गाण्यांची चाल घेतली आणि हार्लेमच्या रस्त्यावरची भाषा घेतली. शिकलेल्या कृष्णवर्णीयांपैकी काहींना ते आवडले नाही. गोऱ्यांसमोर आपली अब्रू जाते, असे त्यांना वाटले.

त्याच वर्षी ह्यूज यांनी एका निबंधातून उत्तर दिले. मला कृष्णवर्णीय कवी म्हणू नका, नुसते कवी म्हणा, असे म्हणणाऱ्या तरुणाच्या मनात गोरे होण्याची इच्छा दडलेली असते, असा त्यांचा रोख होता. ‘दलित’ किंवा ‘आंबेडकरी’ हा शब्द नावापुढून काढून टाकू पाहणारे लेखक आपल्याकडेही आहेत.

१९३५ मध्ये त्यांचे ‘मुलॅटो’ हे नाटक ब्रॉडवेवर आले. गोऱ्या जमीनदाराचा कृष्णवर्णीय स्त्रीपासून झालेला मुलगा घराच्या पुढच्या दारानेच आत येण्याचा हक्क सांगतो, असा त्याचा विषय. नाटक चालले, पण निर्मात्याने संहितेत परस्पर सनसनाटी बदल केले. दुसऱ्याच्या रंगमंचावर आपले म्हणणे आपल्या हाती राहत नाही, याचा हा पुरावाच होता. १९३८ मध्ये ह्यूज यांनी हार्लेममध्ये स्वतःची नाट्यसंस्था उभी केली. नाव ठेवले ‘सूटकेस थिएटर’. नेपथ्य जवळजवळ नाही, साहित्य मोजके. कविता, गाणी आणि छोटे प्रवेश जोडून गुलामगिरीपासूनचा इतिहास लोकांपुढे मांडला जाई.

हे वाचताना आपला जलसा आठवतो. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आपले जलसा मंडळ घेऊन गावोगाव फिरत होते. तमाशाचा साचा घेतला, पण गणेशस्तवन आणि कृष्णाची गवळण बाजूला सारली. त्या जागी शिक्षण, महारकी आणि मंदिरप्रवेश हे विषय आले. अक्षर न येणाऱ्या माणसालाही चळवळ कळली. हार्लेम आणि नाशिक यांची एकमेकांशी ओळख नव्हती, तरी दोघांना सापडलेला मार्ग एकच होता.

खान्देशाला ही वाट परकी नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी अक्षरओळख नसताना आपल्या बोलीत गाणी रचली. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वाहरू सोनवणे यांनी भिली बोलीतून आदिवासींचे दुःख कवितेत आणले. आपली पोरे मात्र सूत्रसंचालन करताना अहिराणी लपवतात आणि १४ एप्रिलला डीजेवर हजारो रुपये उधळतात.

ह्यूज २२ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेले. त्यांच्या अस्थी हार्लेममधील एका ग्रंथालय-संशोधन केंद्राच्या जमिनीखाली आहेत. त्यांच्या कवितेला रोज वाचक भेटतात, याहून चांगले स्मारक कोणते?

आमचे म्हणणे एवढेच. येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीत डीजेच्या खर्चातला थोडा भाग काढून एक तासाचा जलसा बसवा. विषय गावातला घ्या, भाषा घरातली ठेवा. पडदा, दिवे नसले तरी चालेल. ढोलकी, चार पोरे-पोरी आणि सांगण्यासारखे काहीतरी, एवढे पुरे.

जयभीम!