गंगेत न्हालेले घोडे

नाशिककर सहसा ‘गोदावरीवर गेलो होतो’ म्हणत नाही, ‘गंगेवर गेलो होतो’ म्हणतो. त्यामुळे ‘गंगेत घोडं न्हालं’ ही म्हण पंचवटीत ऐकताना काशीची आठवण होत नाही. इथले टांग्याचे घोडे याच गंगेत धुतले जात. काम पार पडले की ही म्हण वापरायची, पण घोडा न्हाऊ घालणारा माणूस कोण, हे तिच्यात कुठेच येत नाही. घोड्याच्या सगळ्या इतिहासाचेच असे झाले आहे. घोडा म्हटला की आपल्याला त्याच्यावर बसलेला माणूस दिसतो. त्याला चारा घालणारा, नाल ठोकणारा दिसत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पण पंधराएक वर्षे या न दिसणाऱ्या माणसांचा माग काढतो आहे.

सुरुवात मात्र राजांपासूनच करावी लागते, कारण लेख त्यांचेच उरले. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या वाहनांनी तिन्ही समुद्रांचे पाणी प्यायले, असा अभिमान त्यात आहे. नाणेघाटातल्या सातवाहन लेखात अश्वमेधाबरोबर दानात दिलेल्या घोड्यांचीही नोंद आहे. पुढे अनेक शतके दख्खनच्या सत्तांना उमदे घोडे अरबस्तान-इराणकडून गलबतांतून आणावे लागले. गोव्याच्या पोर्तुगीजांची जकातीची मोठी मिळकत या घोड्यांवर होती आणि विजयनगरसारखे राज्य त्यासाठी त्यांची मर्जी राखून होते.

मराठ्यांनी या परावलंबनावर आपल्या परीने तोड काढली. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू अंगाने लहान, दिसायला साधे, पण काटक आणि कमी चाऱ्यावर तग धरणारे. अलीकडेच या जातीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंदणी मिळाली. आज ती प्रामुख्याने धनगरांनी सांभाळली आहे. मेंढरांमागे फिरणाऱ्या वाड्याचा संसार, म्हणजे भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, या घोड्यांच्या पाठीवर असतो. घोडदळाच्या वारसाला हे काम आले म्हणून कुणी हळहळते. मला ते पटत नाही. या कामामुळेच ती जात टिकली.

स्वार आणि त्याच्यामागची माणसे यांचा हिशेब शिवकाळात किती बारकाईने ठेवला जाई, हे सभासदाच्या बखरीत दिसते. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांसाठी एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय लष्कराच्या रचनेतच होती. राज्याभिषेकाच्या आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल; मग तुम्ही रयतेला लुबाडायला लागाल, असा त्याचा आशय. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सूचना आहेत. हे पत्र रयतेच्या कळवळ्यासाठी नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात गवताची किंमत जाणणारा माणूस दिसतो.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा घोड्याचे काम संपले असे वाटते, पण झाले उलटेच. माणसे स्टेशनावर येऊन पडू लागली, त्यांना पुढे गावात कोण नेणार? कलकत्त्यात १८७३ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, मुंबईत ९ मे १८७४ रोजी. १९०५ मध्ये मुंबईची जुनी ट्राम कंपनी संपली तेव्हा तिच्या तबेल्यांत तेराशेहून जास्त घोडे होते. ही शहरे घोड्यावर किती अवलंबून होती ते अमेरिकेला १८७२ मध्ये कळले. घोड्यांच्या तापाची साथ आली आणि शहरांतली मालवाहतूक ठप्प झाली. त्याच नोव्हेंबरात बोस्टन पेटले तेव्हा आगीचे बंब माणसांना ओढावे लागले.

नाशिकची गत तशीच होती. स्टेशन गावापासून पाच-सहा मैलांवर, आणि यात्रेकरूंचा ओघ रामकुंडाकडे. १८८९च्या सुमारास मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोडपर्यंत अडीच फुटी रूळ पडले. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या कामाचे सल्लागार अभियंता होते. दोन डबे, चार घोडे. दुष्काळ आणि प्लेग यांनी या ट्रामची कंबर मोडली, मग मोटारी आल्या आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. ती नदीच्या अलीकडेच थांबे. पंचवटीला यायचे तर टांगा, नाहीतर आपले पाय.

टांगा चालवणे हे अडाण्याचे काम असा समज आहे. ज्यांनी ते केले त्यांच्यापाशी बसलो तेव्हा माझी वही भरून गेली. टांगा दोन चाकी. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला आवळतो. पुढे वजन जास्त झाले तर ती धुरजड होते आणि सगळा भार पाठीवर येतो. म्हणून टांगेवाला सवारी बसवताना जाडजूड काका कुठे आणि मुले कुठे हे ठरवी आणि स्वतः पुढेमागे सरकून तोल साधे. नाल चार-सहा आठवड्यांनी बदलायची. डांबरी रस्ता आल्यावर ती लवकर गुळगुळीत होऊ लागली आणि घोडे घसरू लागले. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे भलते खाल्ले की पोटशूळ उठतो आणि जिवावर बेततो. म्हणून तोबरा थोडा-थोडा, दिवसातून अनेकदा. हरभरा भिजवलेला, वर कोंडा. वय दातांवरून ओळखायचे: पाचव्या वर्षी पुढचे सगळे पक्के दात येतात, पुढे त्यांच्या झिजेवरून अंदाज. हे ज्ञान कोणत्या शाळेत शिकवले जात नव्हते. ‘घोडं पेंड खातं’ ही म्हण अशाच कुणी तबेल्यात घडवली असणार.

जगात सगळीकडे घोड्याला हेच काम लागले असे नाही. मंगोलियात घोडीचे दूध आंबवून पितात, कझाकांना त्याचे मांसही चालते. आपल्याकडे त्याचे एक काम फार थोड्यांच्या ध्यानात येते. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांत घोड्यांना सापाचे विष अगदी थोडे-थोडे, वाढत्या मात्रेत टोचतात आणि त्यांच्या रक्तातून विषावरचा उतारा काढतात. रात्री पाणी द्यायला शेतात गेलेल्या, साप चावलेल्या शेतकऱ्याला वाचवते ते घोड्याचे रक्त.

मुंबईच्या व्हिक्टोरियांवर जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानला अजून घोडे चालतात. घोड्यांचे हाल थांबले पाहिजेत यात वाद नाही; डांबरावर उन्हात उभा घोडा मीही पाहिला आहे. पण घोडा गेला तेव्हा त्याच्यावर पोट भरणाऱ्याची विचारपूस फारशी कुणी केली नाही. पंचवटी कारंजावर टांग्यांचा थांबा होता हे आज रिक्षावाल्यांनाही ठाऊक नसते. टांगेवाल्यांची मुले कुणी रिक्षा घेतली, कुणी वरातीसाठी एखादी पांढरी घोडी ठेवली. नालबंदाची हत्यारे बहुतेक भंगारात गेली.

सिंहस्थ २०२७ जवळ आला आहे आणि रस्त्यांची कामे चालू आहेत. मिरवणुकीत आखाड्यांचे घोडे सजून येतील, त्यांचे फोटो भरपूर निघतील. माझी गरज वेगळी आहे. कुणाच्या माळ्यावर टांग्याचा दिवा, परवान्याचा बिल्ला, जुने जीन, नालबंदाचा हातोडा पडला असेल, किंवा घरात टांग्याचा हिशेब लिहिलेली वही असेल, तर ती रद्दीत घालण्याआधी मला एकदा पाहू द्यावी. माझ्या वहीत ट्रामच्या घोड्यांना दाणा पुरवणाऱ्यांचे पान अजून कोरे आहे.