थकलेली पोटगी आणि तुटपुंजा पगार

पोटगी हा शब्द थेट पोटाशी नाते सांगतो. जुन्या दाव्यांतून 'अन्नवस्त्र' असाही शब्द आढळतो आणि तोही तितकाच रोखठोक आहे. थकबाकी हा शब्द मात्र सावकाराच्या वहीतला. आणि हे दोन शब्द एकत्र आले की घोटाळ्यास आरंभ होतो. कारण लेकराच्या पोटगीची थकबाकी इतर देण्यांसारखी नसते. बापाने पैसे पाठविले नाहीत म्हणून मूल त्या महिन्यात जेवावयाचे राहिलेले नसते. ते दूध, ती शाळेची फी, ते औषध आईने, आजीने किंवा मामाने उसनवारी करून कधीच भागविलेले असते. उलट ज्याच्या पगारातून ही रक्कम कापावयाची, त्याचा पगार पुष्कळदा एकच चूल कशीबशी पेटती ठेवणारा असतो. त्यातून कापावे किती आणि त्याच्या हाती ठेवावे किती, हा प्रश्न कायद्याला फार जुन्या काळापासून छळीत आला आहे. त्याचा माग काढावा, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

या कायद्याचे मूळ इंग्लंडात सापडते. १५७६ साली तेथील पार्लमेंटने असे ठरविले, की विवाहबाह्य संततीच्या पोषणासाठी आईबापांकडून दर आठवड्यास रक्कम वसूल करावी आणि न देणाऱ्यास तुरुंगात धाडावे. हे मुलाच्या कळवळ्याने केले असे समजण्याचे कारण नाही. अनाथ-दरिद्र्यांचा खर्च त्या काळी धर्मग्रामावर पडे, आणि तो वाचवावा हा खरा उद्देश होता. १८३४च्या दरिद्री कायद्याने तर सारा भार आईवरच लोटला. दहा वर्षांनी, १८४४मध्ये, तिला स्वतः बापाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळाला.

तीच दृष्टी घेऊन इंग्रज सरकारने १८६१ची फौजदारी प्रक्रिया संहिता हिंदुस्थानास दिली आणि पोटगीचे कलम तीत घातले. दिवाणी हक्काची गोष्ट फौजदारी कायद्यात का, असा प्रश्न वाचकांस पडेल. १८७२ची संहिता सिद्ध करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या दृष्टीने ही तरतूद भटकेगिरी व तिचे दुष्परिणाम टाळण्यासाठी होती. उपाशी मूल रस्त्यावर आले तर शांततेस धोका, असा तो सरळ हिशेब होता.

१८९८च्या संहितेत या कलमास ४८८ हा क्रमांक होता आणि पोटगीची कमाल मर्यादा होती महिना पन्नास रुपये. १९२३मध्ये ती शंभर झाली, १९५५मध्ये पाचशे. १९७३ची नवी संहिता आली, कलम १२५ झाले, पण पाचशेचा आकडा जागचा हलला नाही. ही मर्यादा साऱ्या कुटुंबास मिळून नव्हे तर प्रत्येक हक्कदारास स्वतंत्र लागू होते, असा अर्थ १९७८मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लावला, म्हणून थोडे तरी निभावले. संसदेने मर्यादाच काढून टाकली ती २००१ साली. १९५५चे पाचशे आणि २०००चे पाचशे यांत कोणते धान्य किती येई, हे आमच्या वाचकांतील गृहिणींना सांगणे न लगे.

आपल्या ख्रिस्ती समाजापुरता आणखी एक कायदा होता, तो १८६९चा भारतीय घटस्फोट कायदा. दावा चालू असताना पत्नीस द्यावयाची पोटगी पतीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एकपंचमांशाहून अधिक असू नये, असे त्याने बजावले होते. हे बंधनही २००१मध्येच गेले. त्याच कायद्याने 'नेटिव्ह' बापाचा मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी तेरा वर्षांपर्यंतच अज्ञान मानली होती; इतरांची मुले मात्र अठरापर्यंत. तेराव्या वर्षी आपली पोर कोणत्या अर्थाने सज्ञान होत असे, हे त्या कायदेपंडितांनाच ठाऊक.

आता वसुलीकडे वळू. थकलेली पोटगी दंडाप्रमाणे वसूल करावी, म्हणजे जंगम मालमत्ता जप्त करावी किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती उगवावी, असे संहिता सांगते. ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याच्यापुढे हे शस्त्र बोथट होते. मग उरते कैद: थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत. अनेक महिन्यांची थकबाकी असेल तर एकंदर कैद किती, यावर न्यायालयांत बराच वाद झाला. १९९९च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका महिन्याच्या मर्यादेवर बोट ठेवले. त्यापूर्वी १९८८मध्ये त्याच न्यायालयाने एक मोलाचा खुलासा केला होता. तुरुंगवास हा पैसे काढण्याचा उपाय आहे, पैशाची फेड नव्हे. महिना भोगून आलेल्याचे देणे तसेच राहते. हा निकाल न्याय्य आहे, नाहीतर पैसेवाला माणूसही महिनाभराची कैद पत्करून मोकळा झाला असता. मात्र ज्याच्यापाशी खरोखरच काही नाही, असा रोजंदारीचा माणूस आत असताना रोज बुडतो, बाहेर आल्यावर काम गेलेले असते, आणि मुलाच्या ताटात त्या महिन्याने काहीच पडत नाही.

म्हणून पगारातून कपात हा मार्ग अधिक शहाणपणाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०ने याचे गणित घालून दिले आहे. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले हजार रुपये व उरलेल्याचे दोनतृतीयांश जप्तीतून सुटतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एकतृतीयांश सुटते. मजुराची व घरगड्याची मजुरी तर जप्त करताच येत नाही. सावकारापेक्षा लेकराचा हक्क मोठा, हे येथे कायद्याने मान्य केले.

समजा, एका कामगारास महिना पंधरा हजार मिळतात आणि मुलाला चार हजार द्यावेत असा आदेश झाला. अर्ज दाखल होऊन निकाल लागेपर्यंत चौदा महिने गेले आणि आदेश अर्जाच्या तारखेपासून लागू झाला. निकालाच्या दिवशीच छप्पन हजारांची थकबाकी उभी राहते. दोनतृतीयांश कापले तर त्याच्या हाती पाच हजार उरतील आणि सुमारे साडेनऊ महिन्यांत देणे फिटेल. त्या पाच हजारांत खोलीचे भाडे, रेल्वेचा पास आणि दोन वेळचे जेवण बसवावयाचे. चालू चार हजारांवर दोन हजारांचा हप्ता बांधला तर नऊ हजार उरतात, परंतु आईला बाकी मिळण्यास अठ्ठावीस महिने लागतात. तिने उसने घेतलेले पैसे तोवर कोण थांबवून धरणार?

इंग्लंडने या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न १९५८मध्ये केला. पगारकपातीचा आदेश देताना न्यायालयाने दोन आकडे ठरवावेत, नेहमीची कपात किती आणि बापाची 'संरक्षित कमाई' किती. ही दुसरी रक्कम कोणीही शिवावयाची नाही. कल्पना उत्तम होती. पुढे १९९१चा कायदा झाला आणि १९९३मध्ये न्यायालयांऐवजी एका सरकारी यंत्रणेकडे हिशेबाचे काम गेले. सूत्र इतके गुंतागुंतीचे, की आकारणीस महिनेच्या महिने लागत, आणि देणे मात्र चौकशीचा कागद धाडल्या दिवसापासून मोजले जाई. अनेक बापांच्या हाती पडलेली पहिली आकारणीच थकबाकीसह आली. त्याहून क्लेशदायक गोष्ट अशी, की आई सरकारी साहाय्यावर जगत असेल तर वसूल झालेली पोटगी तिच्या साहाय्यातून वजा होई, म्हणजे बापाचा पैसा सरकारी तिजोरीत जाई. आठवड्याला दहा पौंड आईकडे राहू देण्यास २००३ उजाडले, आणि सारी रक्कम तिची मानण्यास २०१०. आमच्या मते त्या यंत्रणेच्या अपयशाचे मर्म येथेच आहे: आपल्या पगारातून कापलेला पैसा आपल्या पोराच्या मुखी जात नाही, हे कळल्यावर देणाऱ्याचा हात आखडतो. २००६च्या हेन्शॉ अहवालाने ती यंत्रणा मोडीत काढण्याची शिफारस केली आणि २०१२पासून नवी व्यवस्था आली. तेथे मालकाकरवी होणारी कपात निव्वळ पगाराच्या शेकडा चाळीसपुरती मर्यादित आहे. आपल्या उदाहरणातील कामगाराच्या बाबतीत हे सहा हजार होतात, म्हणजे नेमका तो हप्त्याचा आकडा.

आपल्याकडे असा शेकडा निश्चित नाही. तरी नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे दंडक घालून दिले. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि वसुली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी. कमी पगाराच्या माणसास हे प्रतिज्ञापत्र ओझे वाटते, पण त्याचा खरा आधार तोच आहे. पगाराची पावती, भाडे, वृद्ध आईचे औषध हे सारे तेथे प्रथमच कागदावर येते. तारखेस गैरहजर राहणाऱ्याविषयी न्यायालय अंदाजाने आकडा धरते आणि थकबाकी त्या अंदाजावर वाढत जाते. २००१पासून अंतरिम पोटगीचीही सोय आहे आणि तो अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा असे कायदा म्हणतो. ती पहिल्यापासून भरली गेली, तर वर सांगितलेले छप्पन हजार साचणारच नाहीत.

काम सुटले वा पगार घटला तर आदेशात बदल मागता येतो. मात्र तो अर्ज त्याच महिन्यात करावा लागतो, कारण साचून गेलेली बाकी नव्या आदेशाने सहसा पुसली जात नाही. आईलाही मुदतीचे बंधन आहे: देणे झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर या कलमाखालील वॉरंट निघत नाही. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते, अल्प उत्पन्नाच्या पुरुषालाही मिळते. लोकअदालतीत बसून हप्ता ठरविण्याची वाट दोघांना खुली आहे. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, कलम १२५चे १४४ झाले आणि बदलाच्या अर्जाचे कलम १४६. महिन्याची कैद आणि वर्षाची मुदत मात्र नव्या पुस्तकातही जशीच्या तशी छापलेली आहे.