पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल बसवायचाय? आधी हे बघा

रत्नागिरीत आंब्याच्या बागेकडे जाणारी जांभ्याची वाट पावसाळ्यानंतर कशी होते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर. हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पिकअपची पुढची चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतात. आंबा घाटात हे सुखाचं. पण अवघड वाटेवर सॉलिड अ‍ॅक्सल सरस, कारण एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. 1985 सालची जिप्सी आणि 2023 ची जिम्नी, दोघींना पुढे हाच आहे.

म्हणून जिप्सीचाच अ‍ॅक्सल पिकअपला लावायचा का? नाही. तो हलक्या गाडीसाठी बनलाय. आधी वजन पेलण्याची ताकद बघायची, मग डिफरन्शियलचा गोळा. ट्रान्स्फर केसचा पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला तो हवा.

महागात पडते ती गिअर रेशोची चूक. मागे 4.1 आणि पुढे 4.88 असेल, तर फोर-बाय-फोर टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्स्फर केसची वाट लागते.

पाटे बसवायला सोपे. कॉइल स्प्रिंगला पॅनहार्ड रॉड लागतो. तो ड्रॅग लिंकला समांतर नसेल, तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. जुना माल घेताना गंज खरवडून बघावा, समुद्राची हवा लोखंड खाते.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तेव्हा वेल्डिंगआधी आरटीओत विचारणं बरं.