असईच्या रणातले जीवनजल

‘व्हिस्की’ या शब्दाचे मूळ पाहू गेल्यास वाचकांना मौज वाटेल. स्कॉटलंडच्या डोंगरी गेलिक भाषेत ‘उश्के बेहा’ म्हणजे जीवनजल. त्याचीच पुढे व्हिस्की झाली. ज्या मुलखात सातूपासून हे जीवनजल गाळीत, तिथले शिपाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावी लढले. वेलस्लीच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकांच्या दोन हायलंडर पलटणी होत्या.

पण मायदेशीची व्हिस्की त्यांच्या वाट्याला कुठली! कंपनी सरकार गोऱ्या शिपायांना शिध्याबरोबर देई तो अरक, इकडेच गाळलेला. खुद्द स्कॉटलंडातही तेव्हा पुष्कळशी व्हिस्की चोरूनच गाळली जाई. परवान्याची वाट सुकर झाली ती १८२३ च्या कायद्याने.

केळणा नदी ओलांडल्यावर ७४ वी पलटण शिंद्यांच्या तोफांपुढे सापडली आणि जवळजवळ कापली गेली. शिंद्यांचे गोलंदाजही हटले नाहीत, तोफांजवळच पडले. इंग्रजांकडील मृत व जखमी दीड हजारांवर गेले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीने उतारवयात आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून नाव घेतले ते असईचेच.

हायलंडरांच्या निशाणावर हत्ती आणि असईचे नाव चढले. आमच्या गोलंदाजांसाठी कुणी निशाण शिवले नाही. आज पेला नाकाशी नेऊन ओकच्या पिंपाचा गंध शोधणाऱ्या रसिकांनी एकदा केळणेकाठी यावे. जीवनजलाच्या देशातली माणसे आणि आमची माणसे तिथे एकाच मातीत निजली आहेत.