चामड्याचा वायसर आणि फोर्कलिफ्टचा मास्ट

मागच्या वेळी आपण दोरी, कप्पी आणि यारी इथपर्यंत आलो होतो. आज त्याच गोष्टीचा पुढचा भाग घेऊ. गोदामात फिरणारी फोर्कलिफ्ट सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिच्या पुढे जो उभा सांगाडा असतो त्याला मास्ट म्हणतात. त्याच्या आत हायड्रॉलिक सिलिंडर, बाजूला साखळ्या आणि पुढे दोन फोर्क. हे यंत्र जेमतेम शंभर वर्षांचं आहे. पण मेकॅनिक ते दुरुस्त करायला बसतो तेव्हा त्याच्या हाताखालचं एकेक काम त्याहून बरंच जुनं असतं. आज मला शोधकांच्या बाजूने कमी आणि या मेकॅनिकच्या बाजूने जास्त बोलायचं आहे.

सुरुवात पास्कलपासून. 1662 मध्ये तो वारला, आणि द्रवांवरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. त्यात त्याने लिहिलं की पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडं असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असेल, तर लहान तोंडावर दाबणारा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर जणांची बरोबरी करेल. तत्त्व पूर्ण झालं! पण मशीन व्हायला 1795 साल उजाडावं लागलं. मधली सव्वाशेहून जास्त वर्षं कुठे गेली?

बरीचशी गळतीत गेली, असं मला वाटतं. कारण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवायची कशी, हा प्रश्न पास्कलच्या कागदावर नव्हताच. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कुलुपं बनवणारा नामांकित कारागीर होता. त्याने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. फटीत भरलेलं पॅकिंग घट्ट आवळलं की दट्ट्या वर जाई, पण परत खाली येईना, तिथेच अडके. सैल केलं की पाणी बाहेर. या दोन्हींच्या मध्ये जागाच नव्हती.

वाट काढल्याचं श्रेय दिलं जातं ते ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लीला. त्याने चामड्याची कडा वाकवून कपासारखी वळवली आणि कपाचं तोंड दाबाच्या बाजूला ठेवलं. आता पाण्याचा दाबच ती कडा दट्ट्यावर घट्ट दाबतो. दाब गेला की कडा आपोआप सैल होते आणि दट्ट्या मोकळा. म्हणजे जे पाणी गळायला बघतंय, त्यालाच राखणीला बसवलं.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आठवा. पंप मारला तरी हवा भरत नाही, मग दांडा बाहेर काढायचा, वाळलेला चामड्याचा वायसर बोटाने फुलवायचा, त्यावर तेलाचे दोन थेंब सोडायचे. (हशा) तो वायसर म्हणजे मॉड्स्लीच्या कपाचा सख्खा भाऊ. आणि या मॉड्स्लीने आठवड्याच्या 30 शिलिंगांवर पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा 1797 मध्ये तो नोकरी सोडून गेला. पुढे त्याचं स्वतःचं वर्कशॉप इंग्लंडमधल्या यंत्रकारांची शाळाच ठरलं. ब्रामाचं नुकसान किती झालं याचा हिशोब आपण करायला नको.

आता न्यूकॅसल. विल्यम आर्मस्ट्राँग पेशाने वकील, मन मात्र पाण्याच्या यंत्रांत. 1846 मध्ये त्याने तिथल्या धक्क्यावर शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी यारी उभी केली. अडचण अशी की दट्ट्या चालतो थोडाच आणि माल न्यायचा उंच. म्हणून त्याने दट्ट्याच्या टोकाला कप्प्या लावून त्यावरून साखळी फिरवली. दट्ट्या एक फूट सरकला की साखळीचं टोक कितीतरी फूट.

फोर्कलिफ्टच्या मास्टमध्ये आजही हेच आहे. साध्या दोन टप्प्यांच्या मास्टमध्ये बाहेरची चौकट गाडीला धरून असते, आतली चौकट सिलिंडर वर ढकलतो. साखळीचं एक टोक बाहेरच्या, न हलणाऱ्या भागाला. मग ती आतल्या चौकटीच्या माथ्यावरच्या चाकावरून खाली येऊन फोर्कच्या कॅरेजला बांधलेली. सिलिंडर एक मीटर चढला की फोर्क दोन मीटर. पण फुकट काही मिळत नाही. फोर्कवर 2 टन असतील तर सिलिंडरवर 4 टन येतात, शिवाय चौकटीचं वजन वेगळं. म्हणून सीलवर ताण जास्त, आणि म्हणूनच साखळीची लांबी नियमाने मोजावी लागते. साखळीची पिन आणि भोक झिजत जातात आणि साखळी वाढते. नवी असताना जितक्या कड्यांची लांबी 100 सेंटिमीटर होती, तितक्याच कड्या 103 भरल्या की साधारणपणे ती साखळी बाद धरतात. मोजायची ती चाकावरून सतत फिरणाऱ्या तुकड्यावर. टोकाकडचा तुकडा फारसा झिजतच नाही; तिथे मोजणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं.

नळाचा दाब कमीजास्त होतो, म्हणून आधी उंच मनोरे बांधले. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातला 1852 चा मनोरा 300 फुटांहून उंच आहे. पण तोवर आर्मस्ट्राँगने सोपी युक्ती काढली होती. उभ्या सिलिंडरमधल्या दट्ट्यावर प्रचंड वजन ठेवायचं आणि वाफेच्या पंपाने त्याखाली पाणी भरायचं. दाब थेट 600 पौंड प्रति चौरस इंचाच्या घरात. मनोरा बांधून होईस्तोवर जुना झाला!

या दाबावर बंदरं चालली. आपल्या मुंबईत 1880 मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकमध्येही हायड्रॉलिक याऱ्या होत्या. पण यारी माल कुठवर आणणार? जहाजाच्या पोटातून धक्क्यापर्यंत. तिथून गोदामात जाऊन थप्पी लावण्यापर्यंतचं ओझं पाठीवर आणि माथ्यावर. ‘माथाडी’ हा शब्द आपल्याकडे 1969 च्या कायद्याच्या नावातच आहे. फोर्कलिफ्ट आली ती नेमकी या मधल्या वाटेवर. अमेरिकेत 1917 मध्ये क्लार्क कंपनीची मालवाहू गाडी, 1923 मध्ये येलची फोर्क आणि वर चढणारा मास्ट असलेली बॅटरीची गाडी, आणि दुसऱ्या महायुद्धात पॅलेटसह तिचा खरा प्रसार.

तोवर पाण्याच्या जागी तेल आलं होतं. तेलात नैसर्गिक रबर फुगतं, म्हणून कृत्रिम रबराची सील आली. मेकॅनिक आज सील किट उघडतो तेव्हा त्यातल्या मुख्य सीलची कडा बघा. ती दाबाच्या बाजूलाच तोंड करून असते. उलटी बसवली की ब्रामाचा 1795 चा प्रश्न परत उभा. आणि दांड्याच्या क्रोमवर ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवं सील थोड्याच दिवसांत फाटतं. सील बदलून दांडा न बघणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती वेल्समधली. ब्रिटानिया पूल, इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन. लोखंडाची अवाढव्य नळी, दीड हजार टनांहून जड, हायड्रॉलिक प्रेसने शंभरेक फूट वर चढवायची. स्टीफन्सनचा हुकूम होता की नळी इंचाइंचाने चढेल तसं तिच्याखाली ताबडतोब भरण टाकत जायचं. लोकांना हा उगाच वेळखाऊपणा वाटू शकला असता. 1849 च्या ऑगस्टमध्ये प्रेसच्या सिलिंडरचा तळच फुटून निखळला. नळी खाली आली, पण काही इंचच, कारण खाली भरण होतं. निखळलेल्या तुकड्याने एकाचा जीव घेतला. भरण नसतं तर किती गेले असते?

मास्टखाली हात घालण्याआधी मेकॅनिक फोर्क पूर्ण खाली उतरवतो. वर ठेवूनच काम करायचं असेल तर आतल्या चौकटीखाली ठोकळा अडकवतो आणि साखळीने बांधतो. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून हे टाळलं जातं. तेलाचा पाइप सुटला तर दोन मिनिटं लागत नाहीत.

श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय. वर चढताना मास्ट शेवटी एका बाजूला झटका खातो, ते कशामुळे? पूर्वी एकच सिलिंडर मधोमध असायचा आणि ड्रायव्हरला समोरचं दिसायचं नाही. म्हणून पुढे दोन सिलिंडर दोन बाजूंना गेले. त्यातला एक आधी टोकाला पोचला की दुसरा उरलेल्या तेवढ्या अंतरासाठी चौकट पिळतो. बऱ्याच गाड्यांत उपाय म्हणून दांड्याच्या टोकाशी पातळ शिम घालून दोन्ही सारखे करतात. आधी साखळ्यांचा ताण सारखा आहे का ते मात्र बघा, नाहीतर दोष भलत्याच जागी शोधत बसाल.

दुसरा प्रश्न, उचललेला माल आपोआप खाली सरकतो, किती चालेल? पूर्ण वजनावर 10 मिनिटांत 100 मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. पण लगेच सिलिंडर उघडू नका. सिलिंडर बाहेरून कोरडा असेल, त्याच्या परतीच्या नळीतही तेल येत नसेल, तर गळती बहुतेक कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे. ते आधी तपासा.