सोळाशे मीटरच्या पुढे

हेलसिंकी १९५२ म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात. गोळेश्वरचा पैलवान, कुस्तीतलं ब्राँझ, बैलगाड्यांची मिरवणूक. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच आठवड्यात, एक चेक माणूस जीभ बाहेर काढून, मान वेडीवाकडी हलवत धावत होता. एमिल झातोपेक. त्याच्याविषयी मी वाचायला लागलो ते जरा वाईट दिवसांत.

पोलीस भरतीसाठी मी दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून धावत होतो. सोळाशे मीटर हेच आमचं जग. ग्राउंडला मार्क चांगले पडले, लेखीत तीन मार्कांनी राहिलो. त्यात वयाची अटही ओलांडली. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाग साडेचारलाच आली, पण उठायला कारण उरलं नव्हतं. तेव्हा प्रश्न पडला, पुढे काहीच मिळणार नसेल तर लोक रोज एवढा जीव कशाला काढतात?

झातोपेकला तर सुरुवातीला धावायचंच नव्हतं. झ्लीन गावातल्या बाटाच्या बुटांच्या कारखान्यात तो कामाला होता. १९४१ साली कारखान्याच्या प्रशिक्षकाने चार पोरांना शर्यतीत उतरायला सांगितलं, त्यात हा एक. माझ्या अंगात ताकद नाही, असं सांगून त्याने सुटायचा प्रयत्न केला. त्याला तपासणीला पाठवलं, तर डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेस. अंतर सुमारे चौदाशे मीटर, म्हणजे आमच्या भरतीपेक्षाही कमी. पण एकदा पाय सुटल्यावर त्याला जिंकावंसं वाटलं. शंभर जणांत तो दुसरा आला.

मला ही गोष्ट फार धीर देऊन गेली. आपण समजतो, आधी आतून ओढ लागते आणि मग माणूस मैदानात जातो. इथे माणूस आधी ढकलला गेला आणि ओढ वाटेत लागली.

पुढे तो सैन्यात गेला. जड बूट घालून, बर्फात, जंगलातल्या वाटांवर सराव करायचा. त्याची रीत साधी होती. चारशे मीटर जोरात, मग दोनशे मीटर हलकं धावणं, पुन्हा चारशे. अशा वीस फेऱ्या, पुढे चाळीस, आणि काही दिवस चक्क शंभर. जर्मन प्रशिक्षकांनी ही पद्धत आधी वापरली होती, झातोपेकने ती टोकाला नेली. दमलेल्या शरीराला वेगाची सवय लावायची, हा त्यामागचा हिशोब. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शंभर फेऱ्या कुणालाच झेपत नाहीत. पुढची एक फेरी मात्र झेपते. तो बहुधा रोज तेवढाच सौदा करत असावा.

हेलसिंकीत त्याने २० जुलैला दहा हजार मीटर जिंकली, २४ला पाच हजार. त्याच दिवशी त्याच्या बायकोने, दानाने, भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. मग २७ला तो मॅरेथॉनला उभा राहिला. ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. वाटेत त्याने ब्रिटनच्या जिम पीटर्सला विचारलं, वेग बरोबर आहे ना? पीटर्स म्हणाला, हळू चाललंय. चेष्टाच ती, पण झातोपेक पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली आणि झातोपेक २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत पोहोचला. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती त्याच्यानंतर आजवर कुणी जिंकलेल्या नाहीत.

पण ज्या दोन गोष्टींनी मला अंथरुणातून उठवलं, त्या नंतरच्या.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. विश्वविक्रमांची रांग लावलेला हा धावपटू, पण ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. निरोप देताना झातोपेकने त्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. क्लार्कने नंतर उघडलं तेव्हा आत हेलसिंकीचं सुवर्णपदक होतं.

आणि १९६८. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा झातोपेक उघडपणे विरोधात बोलला. त्यापायी कर्नलची नोकरी गेली, पक्षाने काढून टाकलं, आणि घरापासून लांब, जमिनीत बोअर खणणाऱ्या पथकात त्याला वर्षानुवर्षं राबावं लागलं. पद गेलं, मान गेला. एक पदक तर त्याने स्वतःच देऊन टाकलं होतं. त्या शंभर फेऱ्या मात्र कुणाला काढून घेता आल्या नाहीत.

परवा पहाटे पुन्हा ग्राउंडवर गेलो. नवी पोरं आली होती. चौथ्या फेरीनंतर ती थांबली, मी थांबलो नाही. नंतर एकाने पाण्याची बाटली पुढे करत विचारलं, "दादा, कुठल्या भरतीची तयारी?"

"कुठल्याच नाही," म्हटलं.

त्याला ते पटलं नसावं. तरी दुसऱ्या दिवशी पाचवी फेरी तो माझ्याबरोबर धावला.