अंगणात भरलेली शाळा

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका चाळल्या, तर शालान्त परीक्षेत सुयश मिळविणाऱ्या मुलामुलींची नावे व त्यांना दिलेली पारितोषिके यांची नोंद त्यांत अभिमानपूर्वक केलेली आढळते. ते उचितच होय. परंतु ज्या वयात विद्येची गोडी किंवा धास्ती मनात कायमची घर करून बसते, त्या कोवळ्या वयाच्या बालकाचे स्मरण आपणांस क्वचितच होते. त्या बालकासाठी आपल्याच प्रांतात जे कार्य झाले, त्याचा हा अल्प परिचय.

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, पावकी-निमकी मुखोद्गत करी. त्या शिक्षणाने हिशेब पक्का होई, हे नाकारता येणार नाही. पण छडीच्या भयाने कित्येकांच्या मनात शाळेविषयी अढी बसे, हेही तितकेच खरे. या रीतीस पहिला मोठा छेद दिला तो भावनगर येथील गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले व 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. श्रीमती माँटेसरी यांच्या तत्त्वांना त्यांनी भारतीय रूप दिले. या कार्यात त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि बालशिक्षणाचा विचार गुजराती व मराठी घरांत पोहोचू लागला.

तथापि बालमंदिराची साधने मोलाची असल्याने हे शिक्षण शहरांतील सुखवस्तु कुटुंबांपुरतेच राहील की काय, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करीत होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके, पाने व खडे आले. मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे या गोष्टी मुले त्यांवरूनच शिकू लागली.

पण खरी अडचण निराळीच होती. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकत नसत. कोणाकडे धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, तर कोणाच्या पायांस गावाची वाट परकी वाटे. तेव्हा मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच मुलाकडे जावे, असे या बाईंनी ठरविले. वस्तीतील एखाद्या अंगणात जाऊन त्या मुलांचे हातपाय धूत, केस विंचरीत, गाणी म्हणत, गोष्टी सांगत. हीच ‘अंगणवाडी’. पुढे 1957 साली केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. ताराबाई 1973 साली निवर्तल्या. अनुताईंनी मात्र 1992 पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, हे व्रत चालविले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केली आहेत.

या इतिहासापासून आपण काय घ्यावे? इमारत व साधने यांहून शिकविणाऱ्याची माया मोठी, हा एक बोध. आणि मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलाकडे न शोधता वाटेवरचा अडसर शोधावा, हा दुसरा. आपल्या शिष्यवृत्ति-निधीचा काही अंश ज्ञातिबांधवांनी बालवाडीसाठी अवश्य राखून ठेवावा. मात्र त्या बालवाडीच्या दारावर ज्ञातीचे नाव नसावे. अंगण भिंतींनी बंदिस्त नसते, म्हणूनच ताराबाईंची शाळा तेथे भरू शकली. ज्या अंगणात शेजारच्या वस्तीतील मूल निःशंकपणे येऊन बसेल, तेथेच आपलीही मुले खऱ्या अर्थाने शिकतील.